ख्रिस्ती विश्वास आणि मानसिक समुपदेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनासाठी पहिल्यांदा येणारी विश्वासणारी माणसे बहुधा दोन ओझी घेऊन येतात. एक दुखण्याचे, आणि दुसरे हे दुखणे आपल्याला झालेच कसे या लाजेचे. पुष्कळदा दुसरे पहिल्याहून जड असते. खालचे प्रश्न मला समोर बसून, फोनवर, उपासना संपल्यावर दाराशी थांबवून विचारले गेले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे माणसे खरोखर अडकून पडलेली मी पाहिली आहेत.

समुपदेशकाकडे जायचे म्हणजे देवावरचा भरवसा कमी पडला असे नाही का?

नाही. हा प्रश्न आला की मी १ राजे, अध्याय १९ उघडते. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने नुकताच आकाशातून अग्नी उतरला होता, तो एलीया ईजबेलीच्या धमकीने रानात पळतो, एका झुडुपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. विश्वास कसा असावा याचे प्रवचनही देत नाही. आधी त्याला झोपू देतो. मग देवदूत स्पर्श करून उठवतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेले असते. खाऊन तो पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो आणि म्हणतो, खा, पुढची वाट तुला झेपायची नाही.

चाळीस दिवस चालून एलीया होरेबाला पोचतो, तेव्हा कुठे देव विचारतो की तू इथे काय करतोस. एलीया आपले गाऱ्हाणे सांगतो. देव तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो आणि एलीया तेच गाऱ्हाणे जवळजवळ शब्दाला शब्द पुन्हा सांगतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. त्यानंतर त्याला काम मिळते आणि अलीशासारखा सोबती मिळतो. झोप, अन्न, स्पर्श, प्रश्न, ऐकणे, सोबत. मोडून पडलेल्या माणसाला उभे करण्याचा हा क्रम कोणत्याही चांगल्या उपचारकाच्या ओळखीचा आहे.

दुसरी गोष्ट हिज्कीया राजाची. यशया ३८ मध्ये तो मरणाच्या दारात आहे, भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना करतो, आणि आयुष्याची आणखी १५ वर्षे मिळतील असे वचन त्याला मिळते. त्याच अध्यायात संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. वचन मिळाले, मग लेप कशाला, असे तिथे कोणी विचारत नाही.

नैराश्य हे पाप आहे का?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारले होते की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. येशूने दोन्ही नावे खोडली (योहान ९). तरीही हा प्रश्न आपण अजून विचारतो आहोत, आणि तोही बहुतेक वेळा आजारी माणसाच्या तोंडावर.

नैराश्य हा आजार आहे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असते किंवा कशातच गोडी उरत नाही. सोबत झोप बिघडते, भूक बदलते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण नालायक आहोत असे वाटत राहते, मरणाचे विचार येतात. यातली बरीच लक्षणे एकत्र दिसली तर तपासणी करायला हवी. थायरॉइडची ग्रंथी मंदावली किंवा शरीरात बी१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी माणूस असाच दिसू शकतो. अशा वेळी त्याला पश्चात्ताप करायला सांगणे म्हणजे तापलेल्या माणसाला थंड हो म्हणून सांगण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकातले लंडनचे प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन यांचे उदाहरण मी अनेकांना सांगते. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्यांच्या सभेत कोणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत सात माणसे मेली. स्पर्जन तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते. तो घाव आणि त्यानंतर वारंवार येणारी खिन्नता त्यांनी आयुष्यभर सोसली, आणि पाळक होऊ पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसमोर ती उघडपणे बोलून दाखवली. त्यांचा विश्वास कमी होता असे म्हणायला कोणी धजावणार नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे. कधी कधी माणूस खरोखरच काही चुकीचे करून बसलेला असतो आणि ते लपवण्याच्या ताणाने आतून पोखरला जातो. तिथे ‘हा फक्त आजार आहे’ असे म्हणून त्याची बोळवण करणे हाही अन्यायच आहे. त्याला कबुली द्यायची असते, भरपाई करायची असते, क्षमा ऐकायची असते. अपराधाची जाणीव ‘मी हे चुकीचे केले’ असे म्हणते. लाज म्हणते, ‘मीच मुळात चुकीचा आहे.’ पहिलीसाठी पश्चात्तापाची वाट आहे. दुसरीवर पश्चात्तापाचा डोस वाढवत नेला तर ती अधिकच खोल जाते.

‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असे पवित्र शास्त्रच सांगते. मग माझी चिंता म्हणजे आज्ञाभंग झाला ना?

हे वाक्य पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले. तिथे चिंतेसाठी त्याने जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याच मुळातला शब्द तो २ करिंथकरांस ११:२८ मध्ये स्वतःबद्दल वापरतो. सर्व मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर दाटून येते, असे तो तिथे लिहितो. म्हणजे चिंता काय असते हे त्याला चांगले ठाऊक होते. फिलिप्पैकरांना तो धाक घालत नाही, हात धरून वाट दाखवतो आहे. प्रार्थना करा, विनंती करा, आभार माना, मागणी देवाला कळवा. लगेच पुढे, जे सत्य, जे आदरणीय, जे शुद्ध, त्याचे मनन करा.

विचारांकडे असे लक्ष देणे ही ख्रिस्ती परंपरेतली जुनी साधना आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रियस या संन्याशाने छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार पाडले आणि त्या त्या विचाराला शास्त्रातले कोणते वचन उत्तर म्हणून द्यावे याची मोठी यादीच तयार केली. १९६०च्या दशकात ॲरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी बोधात्मक उपचारपद्धती उभी केली. तिच्यातही मनात आपोआप उमटणारा विचार पकडायचा, तो कितपत खरा आहे हे तपासायचे आणि त्याला उत्तर द्यायचे असते. दोघांच्या मध्ये पंधराशेहून अधिक वर्षे आहेत. दोघांच्या श्रद्धा वेगळ्या, पण मनाचे निरीक्षण किती जवळचे.

फरक एवढाच लक्षात ठेवा, की चिंतेचा विकार जडलेल्या माणसाचे शरीरही घाबरायला शिकलेले असते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हात गार पडतात. त्याला वचन पाठ असते, पण अंग ऐकत नाही. तिथे श्वासाचा सराव लागतो, आणि ज्याची भीती वाटते त्याला हळूहळू, पायरीपायरीने सामोरे जाण्याचा सराव लागतो. त्या पायऱ्या चढताना प्रार्थना सोबत असावीच. फक्त पायरी टाळण्यासाठी ती वापरू नये.

मानसशास्त्र तर देवालाच मानत नाही. फ्रॉइडने धर्माला भ्रम म्हटले होते. मग त्याचा आधार का घ्यायचा?

म्हटले होते, १९२७ साली. पण फ्रॉइड यांचे एक जवळचे मित्र ऑस्कर फिस्टर हे झुरिचमधले पाळक होते आणि स्वतः मनोविश्लेषणही करत होते. दोघांचा पत्रव्यवहार १९०९ मध्ये सुरू झाला आणि जवळजवळ तीस वर्षे चालला. फिस्टर यांनी १९२८ मध्ये फ्रॉइडना जाहीर उत्तर लिहिले, आणि तरीही मैत्री तुटली नाही. मतभेद ठेवून एकमेकांकडून शिकता येते याचा हा नमुनाच आहे.

शिवाय मानसिक आजाऱ्यांची माणुसकीने काळजी घेण्याच्या इतिहासात ख्रिस्ती माणसे पुढे दिसतात. वेड्यांना साखळदंडाने बांधण्याच्या काळात, १७९६ मध्ये, विल्यम ट्यूक या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या गृहस्थाने इंग्लंडमधल्या यॉर्क इथे एक आश्रयगृह उघडले. तिथे साखळ्या नव्हत्या. बाग होती, काम होते, आदराने बोलणे होते. बेल्जियममधल्या गील गावात संत डिम्फनाच्या देवळापाशी येणाऱ्या आजाऱ्यांना गावकरी मध्ययुगापासून आपापल्या घरात ठेवून घेत आले आहेत. अमेरिकेतले अँटन बॉयसन हे स्वतः तीव्र मानसिक आजाराने रुग्णालयात राहून आलेले धर्मसेवक. १९२५ मध्ये त्यांनी वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसून शिकायला आणले. आज रुग्णालयांत पाळकीय सेवेचे जे प्रशिक्षण दिले जाते, त्याची पाळेमुळे त्या प्रयोगात आहेत.

मानसशास्त्रातले सगळेच मी स्वीकारत नाही. माणसाचे सुख हेच शेवटचे माप आहे, किंवा पाप हा शब्दच निरर्थक आहे, असे एखादा सिद्धान्त म्हणू लागला की तिथे मी थांबते. पण आघाताच्या आठवणी मनात कशा साठतात, लहानपणी मिळालेल्या किंवा न मिळालेल्या मायेचे पुढे काय होते, व्यसनाची पकड कशी बसते, हे कोणी काळजीपूर्वक पाहून मांडले असेल तर ते मी देवाच्या सृष्टीबद्दलचे ज्ञान म्हणून घेते. सत्य कुठेही सापडले तरी ते प्रभूचेच आहे, असे ऑगस्टीन यांनी कधीच सांगून ठेवले आहे.

ख्रिस्ती समुपदेशकांमध्येही एकमत नाही असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस्ती लोकांची संघटना सुरू झाली. १९६५ मध्ये फुलर या ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयाने मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला. मानसशास्त्र आणि ख्रिस्ती विश्वास यांची सांगड घालणारा, एकात्मिक म्हणवणारा प्रवाह तिथून वाढला. १९७० मध्ये जे ॲडम्स या अमेरिकी पाळकांनी याला कडाडून विरोध केला. समुपदेशनासाठी पवित्र शास्त्र पुरेसे आहे, बोध करणे हेच पाळकाचे काम आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याशिवाय दोन्ही क्षेत्रे वेगवेगळ्या पातळीवरची आहेत, त्यांची सरमिसळ नको असे मानणारे आहेत, आणि ख्रिस्ती परंपरेतूनच स्वतःचे मानसशास्त्र उभे करावे असे म्हणणारेही आहेत.

मी एकात्मिक प्रवाहातली. तरी ॲडम्स यांच्या बाजूची एक गोष्ट मनापासून मान्य करते. समुपदेशन मंडळीच्या हातून पूर्ण सुटून फक्त तज्ज्ञांच्या खोलीत गेले तर आपण सगळेच गरीब होऊ.

सत्रात नेमके काय होते? प्रार्थना असते का?

साधारण ४५ मिनिटे ते तासभर, बहुधा आठवड्यातून एकदा. पहिल्या भेटींत मी मुख्यतः ऐकते. काय होते आहे, कधीपासून, झोप कशी आहे, घरात कोण आहे, याआधी काय करून पाहिले. श्रद्धेबद्दलही विचारते. देवाशी तुमचे सध्या कसे आहे? मंडळी आधार वाटते की धाक? या प्रश्नांची उत्तरे निदानाइतकीच महत्त्वाची असतात.

सियांग-यांग टान या मानसशास्त्रज्ञ पाळकांनी १९९६ मध्ये एक उपयोगी भेद मांडला. कधी श्रद्धा समुपदेशकाच्या वागण्यात, धीरात, मूक प्रार्थनेत असते आणि सत्रात तिचा उच्चारही होत नाही. कधी ती उघडपणे येते, म्हणजे दोघे मिळून प्रार्थना करतात, वचनावर बोलतात. यातले काय हवे हे समोरच्याने ठरवायचे. मी विचारल्याशिवाय कोणासोबत मोठ्याने प्रार्थना करत नाही. मंडळीत दुखावल्या गेलेल्या एखाद्याला ‘चला, प्रार्थना करू’ हे शब्दच जखमेवर बोट ठेवल्यासारखे वाटू शकतात.

याने फरक पडतो याला काही पुरावा आहे का?

आहे, आणि तो नीट वाचायला हवा. १९९२ मध्ये रिबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या धार्मिक रुग्णांवर बोधात्मक उपचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारात रुग्णांच्या श्रद्धेतल्या प्रतिमा आणि वचने गुंफली होती. उपचारांविना थांबलेल्यांपेक्षा या रुग्णांना चांगला आराम पडला. नवल म्हणजे स्वतः धार्मिक नसलेल्या उपचारकांनी ही पद्धत वापरली तेव्हाही ती उत्तम लागू पडली. २०१५ मध्ये हॅरोल्ड केनिग यांच्या गटाने दीर्घ शारीरिक आजार आणि नैराश्य दोन्ही असलेल्यांवर अशीच तुलना केली. श्रद्धेची जोड दिलेले उपचार आणि नेहमीचे उपचार साधारण सारखेच गुणकारी ठरले.

म्हणजे श्रद्धा जोडली की उपचार चमत्कारासारखे धावू लागतात असे नाही, आणि ती जोडल्याने ते पातळ होतात असेही नाही. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांचे काम मला याहून मोलाचे वाटते. संकटात माणूस श्रद्धेचा वापर दोन तऱ्हांनी करतो, असे त्यांनी दाखवले. देव माझ्यासोबत हे सोसतो आहे असे मानणाऱ्याला आधार मिळतो. देव मला शिक्षा करतो आहे, त्याने मला टाकले आहे, या विचारात अडकलेल्याची तब्येत अधिक ढासळलेली दिसते. तेव्हा ‘तुमचा विश्वास आहे का’ एवढे विचारून भागत नाही. कसल्या देवावर आहे, हेही विचारावे लागते.

माझे पाळक आहेतच. आणखी कोणी कशाला?

पाळक असणे ही मोठीच गोष्ट आहे. ते तुम्हाला ओळखतात, तुमच्या घरच्यांचे दफन आणि विवाह त्यांनी केलेले असतात. ते आयुष्यभर सोबत राहतील. समुपदेशक काही महिने. पण आघातानंतर रात्री-रात्री येणारी दुःस्वप्ने, खाण्याचे विकार, व्यसन, तीव्र नैराश्य यांसाठी वेगळे प्रशिक्षण लागते. चांगला पाळक आपली मर्यादा ओळखतो आणि पुढे पाठवतो. त्यांना तुमच्या संमतीने समुपदेशकाशी बोलू द्या. दोघे एकाच दिशेने ओढू लागले की काम हलके होते.

ज्याने माझे वाटोळे केले त्याला क्षमा करावीच लागेल का?

इथे मी सर्वांत सावकाश बोलते, कारण इथेच माझ्या हातून चूक झालेली आहे. उमेदीच्या काळात एका बाईंना मी दुसऱ्याच भेटीत क्षमेबद्दल सांगायला लागले. काय घडले हे त्यांनी अजून पुरते सांगितलेही नव्हते. त्या मान डोलावून गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांना माझ्याकडून आधी एकच ऐकायचे होते, की जे झाले ते चुकीचे होते.

क्षमा ही येशूची आज्ञा आहे, ती मी कधीच सौम्य करत नाही. पण क्षमेच्या नावाखाली जे चार-पाच वेगळे पदार्थ एकाच ताटात वाढले जातात ते वेगळे करते. क्षमा म्हणजे विसरणे नव्हे. झालेल्याला ‘काही विशेष नाही’ म्हणणे नव्हे. कायद्याने मिळणारा न्याय नाकारणे नव्हे. आणि क्षमा म्हणजे समेटही नव्हे. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला दोघे लागतात, आणि त्यातला दोषी माणूस बदललेला असावा लागतो.

शौलाने दाविदाला पुन्हा पुन्हा मारू पाहिले. दाविदाने हाती सापडलेल्या शौलाला जिवंत सोडले. शौल म्हणाला, बाळा, परत ये. १ शमुवेल २६ च्या शेवटी दावीद आपल्या वाटेने जातो आणि शौल आपल्या घरी. दाविदाच्या मनात सूड नव्हता, पण तो भाल्याच्या टप्प्यात परत गेला नाही. योसेफानेही भावांना मिठी मारण्याआधी ते बन्यामिनाशी कसे वागतात हे पाहिले. घरात मारहाण सहन करणाऱ्या कोणालाही ‘क्षमा कर आणि परत जा’ असे सांगितले जात असेल तर ही दोन प्रकरणे वाचून दाखवा. आधी सुरक्षितता. बाकी सारे नंतर.

एव्हरेट वर्दिंग्टन या ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञांनी क्षमेचे दोन पदर सांगितले आहेत. एक निर्णयाचा, म्हणजे मी सूड घेणार नाही, असे ठरवणे. दुसरा भावनेचा, म्हणजे आतला कडवटपणा विरघळणे. निर्णय एका दिवसात होऊ शकतो. भावनेला वर्षे लागतात, आणि ती मागेपुढे होत राहते. १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास घरात शिरलेल्या माणसाने त्यांच्या आईचा खून केला. तेव्हा ते क्षमेवर आधीपासूनच संशोधन करत होते. स्वतःच्याच शिकवणीतून त्यांना रक्ताळलेल्या पायांनी जावे लागले. म्हणून त्यांच्या शब्दांवर माझा विश्वास बसतो.

राग पुन्हा आला म्हणजे तुमची क्षमा खोटी होती असे नाही. जखम अजून भरते आहे, एवढेच.

पुन्हा पुन्हा कबुली देऊनही क्षमा झाली असे वाटत नाही. मनात देवनिंदेचे विचार येतात. मी काय करू?

पाप कबूल केले तरी नीट केले का, शब्द बरोबर होते का, मनापासून होते का, ही टोचणी थांबतच नसेल, तर हा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, एक प्रकार असू शकतो. चर्चच्या जुन्या परंपरेत याला बुटातल्या खड्याचे नाव आहे. ‘स्क्रुप्युलस’ हा लॅटिनमधला शब्द मुळात बारीक टोकदार खड्यासाठीच आहे. इग्नेशियस लोयोला १५२२ च्या सुमारास या छळाने आत्महत्येच्या विचारापर्यंत गेले होते. तरुण मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापांगीकार करत आणि बाहेर पडताच आणखी एखादे पाप आठवून परत येत.

यातला सापळा नीट समजून घ्या. तुम्ही कोणाला विचारता, मला क्षमा झाली ना? तो म्हणतो, झाली. तासभर बरे वाटते. मग शंका अधिक जोराने परतते, कारण मेंदू शिकलेला असतो की दिलासा मिळवला तरच सुटका. म्हणून इथे पुन्हा पुन्हा दिलासा देणारा प्रेमळ पाळकसुद्धा नकळत आजाराला खाऊ घालतो. उपचाराची दिशा उलटी असते. शंका येऊ द्यायची, ती अंगावर घ्यायची, पण तिच्या शांतीसाठी कबुली किंवा प्रार्थना पुन्हा करायची नाही. सुरुवातीला हे फार अवघड जाते, म्हणून प्रशिक्षित माणसाबरोबरच करावे. पाळकांनाही यात सामील करून घ्यावे. ‘एकदाच कबुली द्यायची, दुसऱ्यांदा मी ऐकणार नाही’ हे त्यांनी सांगितले तर रुग्णाला मोठे बळ येते.

आणि देवनिंदेचे ते विचार? ज्या माणसाला देवाचे काहीच वाटत नाही, त्याला ते छळत नाहीत.

मला देवाचाच राग येतो. हे बोलू का?

बोला. स्तोत्र १३ मध्ये ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, शेवटी आशेचे एक वाक्यही नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवले गेले. वधस्तंभावर येशूच्या तोंडी स्तोत्र २२ चे पहिले वाक्य आले, आणि ते टाकून दिल्याचा आक्रोश आहे. विलाप ही प्रार्थनाच आहे. देवाशी भांडणारा माणूस अजून देवाशी बोलतो आहे.

कधी कधी या रागाआड दुसरेच कोणी असते. ॲना-मारिया रिझुटो या मनोविश्लेषक बाईंनी १९७९ मध्ये मांडले, की देवाची मनातली प्रतिमा लहानपणीच्या जवळच्या माणसांच्या अनुभवातून घडत जाते. बाप मारकुटा होता, आणि देवाला ‘बाप’ म्हणताना अंग आखडते, असे सांगणारी माणसे मला भेटतात. त्यांना घाई करायची नसते. काहींना मेंढपाळ, खडक, पंखांची सावली या प्रतिमांपासून सुरुवात करणे सोपे जाते.

‘नाही’ म्हणणे स्वार्थीपणाचे नाही का?

गलतीकरांस ६ मध्ये पहिल्या पाच वचनांतच दोन आज्ञा आहेत: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपापला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये दोन्हींना वेगळे शब्द आहेत. एकट्याला न पेलणारे ओझे वाटून घ्यायचे. ज्याचे त्याला पेलणारे गाठोडे त्याचे त्याने उचलायचे. दारू पिणाऱ्या भावाची कर्जे तुम्ही वर्षानुवर्षे फेडत असाल, तर तुम्ही त्याचे गाठोडे उचलता आहात.

मानसिक आजाराची औषधे घ्यावीत का?

डॉक्टरांनी दिली असतील तर घ्यावीत. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि ती मनाने एकदम बंद केल्यास त्रास होतो. ‘विश्वास ठेवला आणि गोळ्या फेकून दिल्या’ ही साक्ष ऐकून कोणी तसे करू नये. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.

हे दुष्टात्म्याचे काम असेल तर?

मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्यांची यादी पाहा. भूतग्रस्त, फेफरे येणारे आणि पक्षघाती यांची नावे वेगवेगळी दिली आहेत. सगळे एकच आहे असे शुभवर्तमान म्हणत नाही, तर आपणही म्हणू नये. कोणाला आवाज ऐकू येत असतील, आपल्यावर पाळत आहे असे वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. या आजारांत उपचार जितके लवकर, तितके बरे. प्रार्थना करा, जरूर करा. पण बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे, औषध थांबवणे हे प्रार्थनेचे भाग नाहीत. असे कुठे होत असेल तर तिथून त्या माणसाला बाहेर काढा.

समुपदेशक ख्रिस्तीच असला पाहिजे का?

नाही. तो प्रशिक्षित असावा आणि तुमच्या श्रद्धेचा आदर करणारा असावा. पहिल्याच भेटीत विचारा, ‘माझा विश्वास माझ्यासाठी महत्त्वाचा आहे, त्याबद्दल इथे बोलता येईल ना?’ उत्तरावरून कळते. नुसते ख्रिस्ती असणे ही पात्रता नव्हे. शिक्षण, अनुभव आणि वरिष्ठांचे मार्गदर्शन याबद्दल जरूर विचारावे.

मी सांगितलेले मंडळीत पसरणार नाही ना?

पसरता कामा नये. सत्रात बोललेले ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणूनही बाहेर जात नाही. अपवाद म्हणजे कोणाच्या जिवाला धोका असणे, मुलांवर अत्याचार होत असणे किंवा कायद्याने भाग पाडणे, आणि हे अपवाद समुपदेशकाने सुरुवातीलाच सांगायला हवेत.

मरावेसे वाटते. हे पाप आहे म्हणून कोणाला सांगत नाही.

कृपा करून आजच सांगा. एलीयाने सांगितले, ईयोबाने सांगितले, योनाने सांगितले, आणि देवाने त्यांतल्या कोणालाही दूर लोटले नाही. ज्याच्यावर भरवसा आहे त्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, रात्र एकट्याने काढू नका, जिवाला धोका होईल अशा वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्या, आणि आपत्कालीन सेवेशी किंवा जवळच्या रुग्णालयाशी लगेच संपर्क साधा. जवळच्यांना शंका आली तर त्यांनी सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरला जात नाही. उलट पुष्कळांना पहिल्यांदाच मोकळा श्वास घेता येतो.

पूर्ण बरे व्हायला किती दिवस लागतील?

सौम्य ते मध्यम नैराश्य किंवा चिंतेसाठी बारा ते वीस सत्रांत पुष्कळांना चांगला फरक दिसतो. लहानपणीच्या अत्याचाराच्या जखमांना अधिक काळ लागतो. काही आजार आयुष्यभर सांभाळावे लागतात. पौलाने आपल्या देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो गेला नाही. तो काटा काय होता हे त्याने लिहिले नाही, आणि मला ते बरे वाटते, कारण प्रत्येकाला तिथे आपला काटा ठेवता येतो.

मंडळीतल्या कोणाला असा आजार असेल तर आम्ही काय करावे?

शरीराच्या आजारात जे करता तेच. भेटायला जा, जेवण पोचवा, मुलांना शाळेतून आणा, डॉक्टरकडे सोबत जा. ईयोबाचे मित्र पुढे फार चुकले, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. तेवढे त्यांचे बरोबर होते. काय बोलावे सुचत नसेल तर ‘मी आहे’ म्हणा. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, कारण पहिल्या आठवड्यानंतर सगळे येणे थांबवतात.